‘परवाना आहे ना, मग काडतुसं घरी भरा’ : एका फिरत्या मेसेजची तपासणी

नेमबाजांच्या आणि शस्त्र परवानाधारकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा येऊन पडतो. सार असं : परवाना असेल तर वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या रिकाम्या नळीत) नवी टोपी (बुडाशी बसणारा, दारू पेटवणारा भाग), नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस घरच्या घरी भरता येतं. असं पुन्हा भरणं म्हणजे ‘रीलोडिंग’; कायद्यात हा शब्दच नाही, म्हणजे बंदी नाही. स्वतःपुरतं केलं तर ते उत्पादन ठरत नाही. कोकणात ठासणीची बंदूक लोक घरीच भरतात. खेळाडूंना २०२० मध्ये सूट मिळालेली आहे. अमेरिकेत तर गॅरेजात बसून करतात. आणि पकडलं गेलंच तर परवान्याची अट मोडल्याचा किरकोळ गुन्हा. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मेसेजमागची तक्रार खरी आहे. मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) रायफलवर किंवा सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसाच्या) पिस्तुलावर सराव करणाऱ्याला प्रत्येक गोळी पैशात मोजावी लागते, हवा तो माल दुकानात असेलच असं नाही, आणि आयात काडतुसांचे भाव ऐकून माणूस सराव अर्ध्यावर आणतो. पितळी पुंगळी मात्र धडधाकट असते आणि पुन्हा भरता येते. त्यामुळे मोह समजतो. पण त्या मोहापायी मेसेजने जे कायदेज्ञान वाटलं आहे, ते एकेक करून बघू.

शब्द नाही, हे खरं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये ‘रीलोडिंग’ सापडणार नाही. सापडतं ते असं : परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं, विकणं, हस्तांतरित करणं, त्यात रूपांतर करणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, यांना मनाई. आता टेबलावर काय घडतं ते बघा. उडवलेली पुंगळी म्हणजे पितळेची रिकामी नळी. फुटलेली टोपी ठोकून काढायची, फुगलेली नळी साच्यात दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, ग्रेन या बारीक वजनमापात तोललेली दारू ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. सुरुवातीला जे निरुपद्रवी पितळ होतं ते शेवटी जिवंत काडतूस झालं. याला ‘बनवणं’ म्हणायचं नसेल तर ‘रूपांतर’ किंवा ‘दुरुस्ती’ म्हणा. तिन्ही क्रियापदं त्याच कलमात शेजारी शेजारी बसली आहेत.

त्याहून महत्त्वाची आहे कलम २ मधली ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या, जी मेसेज लिहिणाऱ्याने उघडूनही पाहिलेली दिसत नाही. तिच्यात फक्त तयार काडतूस येत नाही. बंदुकीत भरायची दारू आणि तिची साधनं, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री, हे सगळं त्या व्याख्येत आहे. म्हणजे हे दाबकाम करणारा, टेबलाला आवळलेला हातप्रेसही वाद होऊ शकणारी वस्तू. एकही गोळी भरली नसली तरी.

इथे कुणीतरी कलम ४५ पुढे करेल, आणि ते वाचायलाच हवं. त्यातल्या एका पोटकलमानुसार शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगणं कायद्याबाहेर ठेवलं आहे. त्यामुळे रेंजवरून आणलेली पुंगळी किल्ल्यांना अडकवून फिरणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पण त्याच वाक्याला शेपूट आहे : ते भाग जोडीच्या इतर भागांबरोबर वापरायचा हेतू नसला पाहिजे. ड्रॉवरमध्ये साफ केलेल्या, मापात आणलेल्या पुंगळ्या, शेजारी टोप्यांची डबी आणि वर प्रेस असेल तर हेतू काय होता हे तपास अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता ‘स्वतःपुरतं’. मेसेजचा हा सगळ्यात आवडता मुद्दा, आणि त्याला उत्तर कलम ५ मध्येच आहे. स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र किंवा दारूगोळा दुसऱ्या हक्कदार माणसाला विकायचा असेल तर विक्रीचा परवाना लागत नाही, आधी कळवावं लागतं, अशी सवलत कलम ५ च्या दुसऱ्या पोटकलमात दिली आहे. आयातीच्या कलम १० मध्येही स्वतःच्या वापरापुरत्या वाजवी प्रमाणाचा उल्लेख येतो. म्हणजे ‘खाजगी वापर’ ही कल्पना कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होती, जिथे सूट द्यायची तिथे त्यांनी ती दिली. बनवण्यापुढे तेवढी दिली नाही. त्यांना विसर पडला, असा युक्तिवाद करायचा तर तो वकिलाने करावा, ग्रुप ॲडमिनने नव्हे.

शिवाय दुसरा कायदा आहेच, त्याचं तर मेसेजमध्ये नावही नाही. स्फोटक अधिनियम, १८८४. त्यातल्या ‘स्फोटक’ या व्याख्येत बंदुकीची दारू येते, टोप्या येतात, काडतुसं येतात आणि सर्व प्रकारचा दारूगोळा येतो. आणि ‘उत्पादन’ या शब्दाची त्या कायद्यातली व्याख्या रीलोडिंग करणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे : स्फोटकाचे भाग सुटे करणं, बिघडलेलं स्फोटक वापरण्याजोगं करणं, पुन्हा बनवणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, हे सगळं ‘उत्पादन’. जुनं काडतूस उघडून त्यातली दारू काढून घेणाऱ्या जुगाडू मंडळींनी ‘भाग सुटे करणं’ हे शब्द दोनदा वाचावेत. थोडी दारू बाळगण्याला अमुक नियमात सूट आहे असं कुणी सांगितलं, तरी बाळगण्याची सूट आणि बनवण्याची सूट या वेगळ्या गोष्टी आहेत. वर या कायद्याने शस्त्र अधिनियमाला धक्का लागत नाही, असं त्याच्याच कलम १५ मध्ये म्हटलं आहे. एका खिडकीवरून सुटलात तरी दुसरी आहेच.

ठासणीच्या बंदुकीचा मुद्दा आपल्याकडचा म्हणून पटकन पटतो. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत रानडुकरांपासून आणि वानरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक परवान्यावर असते, आणि ती नळीच्या तोंडातून दारू नि छर्रे ठासूनच चालते. कायद्याला हे ठाऊक आहे. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना स्पष्ट नाव घेऊन आला आहे. ती भरणं हा त्या बंदुकीच्या वापराचाच भाग, तिच्यात काडतूस नावाची वस्तूच नसते. रायफलीचं पन्नास गोळ्यांचं खोकं घरी भरून कपाटात ठेवणं यात ते कुठे बसतं? बागायतदार काकांना पुढे करून पिस्तुलवाल्याने आपली सोय बघू नये.

खेळाडूंच्या सवलतीबद्दल मेसेज अर्धं सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली हे बरोबर. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना आणि नामांकित नेमबाजांना बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तिने वाढवली, सगळ्यात वरच्या गटात १२ पर्यंत, आणि सरावासाठी वर्षभरात विकत घेता येणाऱ्या काडतुसांची मर्यादाही वाढवली. विकत घेता येणाऱ्या. मर्यादा वाढली याचा अर्थ जास्त विकत घ्या, एवढाच; घरी भरा, असा नाही.

आणि एक तांत्रिक गंमत या गोंगाटात हरवते. आपले बहुतेक नेमबाज ज्या प्रकारांत खेळतात तिथे रीलोडिंगचा प्रश्नच येत नाही. १० मीटरला एअर रायफल आणि एअर पिस्तूल, त्यात दारूच नाही. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये पॉइंट टू-टूवर (.२२ बोअरच्या छोट्या काडतुसांवर) होतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं ते याच काडतुसांवर. पॉइंट टू-टूमध्ये पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, घोडा कडेवर आपटतो, ती चेपते आणि पुंगळीचं काम संपतं. तिच्यात बदलता येईल अशी वेगळी टोपी नसते. म्हणून ‘देशासाठी पदक आणणाऱ्या पोरांसाठी’ हा मेसेजचा भावनिक परिच्छेद ज्यांच्या नावाने लिहिला आहे, त्यांना त्याचा उपयोग नाही. प्रश्न आहे तो ३०० मीटरवाल्यांचा, सेंटरफायर पिस्तूलवाल्यांचा आणि बाराबोअरच्या बंदुकीने उडत्या मातीच्या चकत्या फोडणाऱ्या ट्रॅप-स्कीटवाल्यांचा. तो छोटा प्रश्न आहे, पण खरा आहे.

अमेरिकेबद्दल फार लिहीत नाही. तिथल्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. टेक्सासच्या मावसभावाने पाठवलेला व्हिडिओ म्हणून खराच असेल. पण मेसेज जर्मनीचं नाव घेत नाही. तिथे स्पोर्ट शूटरला काडतुसं भरायची तर स्फोटक कायद्याच्या कलम २७ खाली वेगळी परवानगी लागते, आणि त्याआधी अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यापासून नुसत्या टोप्या विकत घ्यायलाही सहसा प्रमाणपत्र दाखवावं लागतं. मोकळीक असलेल्या देशांतही कुणीतरी ती लिहून दिलेली आहे.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं : ‘किरकोळ गुन्हा’. परवान्याची अट मोडल्याचं कलम ३० आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. मेसेजवाल्याने तेच पकडलं. पण कलम ५ मोडून दारूगोळा बनवण्याची शिक्षा कलम २५ च्या पहिल्या पोटकलमात आहे, आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी झाली. आधी ती तीन ते सात वर्षं होती. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा साधारणपणे दोन ते पाच वर्षं, म्हणजे बनवणं हे बाळगण्याच्या कितीतरी वरच्या पायरीवर ठेवलं आहे. अजून एक फरक आहे. बाळगण्याच्या, म्हणजे कलम ३ च्या, गुन्ह्यात खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, कलम ३९ तसं सांगतं. कलम ५ साठी ती चाळणी नाही.

आणि हिशेब कसा लागणार? दुकानदार विकलेल्या काडतुसांची नोंद तुमच्या परवान्यावर करतो. पन्नास घेतल्याची नोंद आहे, त्यातली चाळीस रेंजवर उडवली, आणि घरात नव्वद भरलेली सापडली. खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का पुंगळीच्या बुडावर तसाच असतो, पण आतली दारू, टोपी आणि गोळी कुठली, याची पावती कुठून आणणार?

याचा अर्थ मेसेजच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं नव्हे. दंड करणारा कायदा काटेकोर वाचायचा आणि संदिग्धता असेल तर तिचा फायदा आरोपीला द्यायचा, हे तत्त्व जुनं आहे. परवानाधारकाने आपल्याच बोअरची, आपल्याच मर्यादेतली गोळी पुन्हा भरली तर त्याला कारखानदाराच्या रांगेत बसवायचं का, असा प्रश्न चांगला वकील नक्की विचारेल. मीही त्याच्या बाजूने टाळी देईन. फक्त हा प्रश्न विचारायची जागा कोर्ट आहे, तिथे पोचेपर्यंत अटक, जप्ती आणि परवाना निलंबित होणं हे सगळं होऊन गेलेलं असतं. या कायद्यातला प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे.

ज्यांना खरंच हा मार्ग मोकळा करून हवा आहे त्यांच्यासाठी दार कायद्यातच आहे : कलम ४१. सार्वजनिक हितासाठी एखाद्या वर्गाला कायद्याच्या कुठल्याही तरतुदीतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याने दिला आहे. क्लबच्या आवारात, नोंदवहीसकट, ठरावीक बोअरपुरतं रीलोडिंग, अशी मागणी राज्य रायफल संघटनेमार्फत आणि राष्ट्रीय संघटनेमार्फत करता येते. माहिती अधिकारात ‘हे चालतं का’ असं विचारून उपयोग नाही. अधिकाऱ्याने उपलब्ध माहिती द्यायची असते, कायद्यावर मत द्यायचं नसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट परवानगी म्हणून फिरवू नका. सरळ अर्ज करा. एक आपल्या परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. दुसरा स्फोटकांच्या बाजूसाठी पेसोकडे, म्हणजे स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, जिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. अर्जात बोअर लिहा, वर्षाला किती काडतुसं, कुठे भरणार, दारू आणि टोप्या कुणाकडून घेणार तेही लिहा, आणि पोच शिक्क्यासकट घ्या. उत्तर येईपर्यंत प्रेस दुकानातच राहू द्या.