मासे मेले नाहीत, म्हणून पाणी चांगलं?

कारखान्याच्या सांडपाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कुठे मासे मेलेत? पाणी ठीकच आहे की!" या युक्तिवादाची मला भयंकर चीड येते. मेलेल्या माशांचा खच पडला की निदान बातमी तरी होते. अंड्यातच बिघडलेल्या पिल्लांचा पंचनामा कोण करणार?

झेब्राफिश नावाचा एक चिमुकला मासा आहे. त्याचं अंडं पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली आख्खा जीव घडताना दिसतो. साधारण 24 तासांत हृदय धडधडू लागतं, बलकाला चिकटलेली शेपूट सुटी होऊन वळवळायला लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. मोठा मासा घाण पाण्यातून निदान पळ तरी काढू शकतो. विष पचवायला त्याच्याकडे यकृत असतं. भ्रूणाचं यकृत अजून तयार व्हायचंय आणि पळणार तरी कुठे?

24 मार्च 1989 ला अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तेलाने माखलेले पक्षी जगाने पाहिले. पण हेरिंग आणि गुलाबी सामन हे मासे तिथेच किनाऱ्यालगत अंडी घालतात. तेलातली काही संयुगं भ्रूणाच्या हृदयावरच घाला घालतात. पेशींमधली पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा बिघडते, ठोके चुकतात, हृदयाभोवती पाणी साचून फुगा येतो, कणा वाकतो. ही झाली उघड दिसणारी इजा. मला जास्त अस्वस्थ करतात ती वाचलेली पिल्लं. अंड्यात असताना अगदी थोडं तेल लागलेले मासे संशोधकांनी वाढवले. बाहेरून धडधाकट, पण हृदयाचा आकार वेगळा आणि पोहण्याचा वेग कमी. शिकारी मागे लागला की अशा माशाचं काय होत असेल? आणि तो मेलाच, तर त्याची नोंद तेलाच्या खात्यावर कोण करणार?

"प्रमाण अगदी नगण्य आहे हो," हे दुसरं आवडतं वाक्य. लेक ट्राउट माशाच्या अंड्यात एक लाख कोटी भागांमागे शंभराहूनही कमी भाग डायऑक्सिन असलं तरी पिल्लं दगावतात. हे विष पाण्यातूनच यावं असंही नाही. आईच्या चरबीत वर्षानुवर्षं साठतं आणि बलकातून थेट पिल्लाच्या ताटात पडतं. उत्तर अमेरिकेतल्या ओंटारिओ सरोवरातून हा मासा नाहीसा झाला त्यात बेसुमार मासेमारीचा आणि लॅम्प्रे या परजीवीचाही हात होता, हे खरंच. पण तळाच्या गाळाचे थर तपासून संशोधकांनी दाखवलं, की काही दशकं एकट्या डायऑक्सिनसारख्या विषांनीच तिथली पिल्लं जगू दिली नसती.

2013 पासून 'ओईसीडी' या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची माशांच्या भ्रूणांवरची अधिकृत चाचणी आहे. 96 तासांत अंडं साकळून पांढरं पडलं का, भ्रूणाच्या पाठीलगतचे सुरुवातीचे खंड तयार झाले का, शेपूट सुटली का, हृदय चालतंय का, एवढं बघतात. चाचणी चांगलीच आहे, पण तीही शेवटी मरणच मोजते. हृदय चालतंय, पण वेडंवाकडं, हे तिच्या निकषांत बसत नाही. मग असा 'पास' शेरा दाखवून कुणी सांडपाणी सोडायला निघालं, तर त्याला आधी विचारायला हवं: प्रवाहाच्या खालच्या अंगाला कोणते मासे अंडी घालतात आणि कोणत्या महिन्यात?