चादरी कुठं धुतल्या जातात? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. इतरांसाठी थोडक्यात : विद्यापीठानं शेजारच्या वस्त्यांना हात द्यावा, त्यांच्याशी भागीदारी करावी, असं मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप दोन. रस्ते, शाळा, रोजगार ही महापालिकेची कामं, विद्यापीठानं शिकवावं आणि संशोधन करावं. आणि विद्यापीठ 'विकास' करायला निघालं की भाडी चढतात, ज्यांच्या नावानं सगळं केलं तेच बाहेर पडतात.

दुसरा आधी घेते, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं उदाहरण मी कौतुकानं दिलं, पण अर्धंच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं १९९६ च्या सुमारास, ज्युडिथ रोडिन अध्यक्ष असताना, पश्चिम फिलाडेल्फियात दिवाबत्ती, स्वच्छता, घरं, स्थानिक खरेदी अशी कामं एकदम हाती घेतली. २००१ मध्ये तिथं एक सरकारी शाळा उघडली, तिला विद्यापीठ जादा पैसे देतं. शाळा चांगली निघाली. इतकी, की ज्या भागातल्या मुलांना तिथं प्रवेश मिळतो तिथल्या घरांच्या किमती वाढल्या आणि २०१३ च्या जानेवारीत बालवर्गाच्या प्रवेशासाठी पालक थंडीत काही दिवस आधीच रांगेत येऊन बसले. शेवटी सोडत काढावी लागली. त्याहून जुनी गोष्ट तर मी गाळलीच होती. १९६० च्या दशकात याच विद्यापीठाच्या आणि आसपासच्या संस्थांच्या विस्तारापायी 'ब्लॅक बॉटम' ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. तिथल्या कुणाला पुढचा जिव्हाळा संशयास्पद वाटला असेल तर नवल नाही.

पण म्हणून विद्यापीठानं लांब राहावं? लांब राहायची सोय आहे कुठं! वसतिगृहं अपुरी ठेवली की हजारो विद्यार्थी शेजारी खोल्या शोधतात आणि भाडी तिथंच चढू लागतात, एकही 'उपक्रम' न राबवता. स्वतःच्या मुलांची राहायची सोय स्वतः करणं ही शेजाऱ्यांची पहिली मदत, असं मी आता म्हणेन. शिवाय अमेरिकेत विद्यापीठाच्या बहुतेक जमिनीवर मालमत्ता कर नसतो, म्हणजे तुमच्या त्या महापालिकेच्या तिजोरीत तेवढी तूट. २०२१ मध्ये येल विद्यापीठानं न्यू हेवन शहराला सहा वर्षांत सुमारे १३.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, तेही शहरानं वर्षानुवर्षं तगादा लावल्यावर.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण मात्र अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड शहराचं आहे. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आणि तिथली दोन मोठी रुग्णालयं दरवर्षी प्रचंड खरेदी करतात, ती शेजारच्या गरीब वस्त्यांकडे वळावी म्हणून २००८ मध्ये एव्हरग्रीन सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पहिली होती लाँड्री. वस्तीतलेच लोक कामगार आणि तेच मालक. रुग्णालयाच्या चादरी रोज धुवाव्याच लागतात, त्या कुठं धुवायच्या एवढाच निर्णय. यात शिकवणं कुठं अडलं, सांगा.

आणि संशोधनाबद्दल. एकदा मी विद्यार्थ्यांना घेऊन सर्वेक्षणाला गेले होते. एका घरातल्या बाईंनी आमची प्रश्नावली हातात घेतली, चाळली आणि परत दिली. "हेच मागच्या वर्षी विचारून गेले. त्याचं काय झालं ते आधी सांगा." मुलं माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीचा अहवाल विभागातल्या कपाटात होता, त्याला गुण मिळाले होते आणि त्या घरापर्यंत त्यातली एक ओळही पोचलेली नव्हती. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' काढली, त्यात हा व्यवहार उलटा होतो : प्रश्न रहिवासी घेऊन येतात, पाण्याला वास का येतो, मातीत काय मिसळलंय, आणि विद्यार्थी व प्राध्यापक उत्तर शोधतात. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी.

थोडक्यात, तुमचा भाड्याचा मुद्दा मान्य, महापालिकेचा अमान्य. भागीदारी म्हणायची तर जागा, पैसा आणि विषय ठरवताना वस्तीचं मत मोजलं गेलं पाहिजे. नुसतं उद्घाटनाला बोलावून भागत नाही. मूळ लेखात ब्लॅक बॉटमचा परिच्छेद आज घातला आहे. तो वाचून अजून काही खटकलं तर जरूर लिहा. या वेळी चार दिवस लावणार नाही.