कोण म्हणतं डिझेल संपलं?

आज एका शोरूममध्ये भीमाशंकरच्या पायथ्याकडचा एक शेतकरी मुलगा ४x४, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, बघायला आला होता. सेल्समन त्याला म्हणतो, "दादा, डिझेलचं काय घेऊन बसलात, ते संपलं आता. टू-व्हील ड्राइव्ह पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या, लगेच देतो."

डोकं फिरलं.

कुठं संपलं? २०२४ मध्ये महिंद्राची थार रॉक्स आली ती ४x४ मध्ये फक्त डिझेल घेऊनच. स्कॉर्पिओ-एनची ४x४ डिझेल, फॉर्च्युनरची ४x४ डिझेल, फोर्सची गुरखा तर पेट्रोलमध्ये मिळतच नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला तेव्हा मारुतीनं डिझेल सोडलं, म्हणून त्यांची ४x४ जिम्नी पेट्रोलवर अडली. एवढंही माहीत नसताना लोकांना गाड्या विकायच्या?

त्या मुलाचा रस्ता म्हणजे पावसाळ्यात लाल चिखल, वर चढ, गाडीत खताची पोती. तिथं लो रेंज (४x४ चे जास्त ताकदीचे, हळू चालीचे गिअर) टाकायची, दुसरा गिअर, आणि क्लच, ॲक्सिलरेटर दोन्हींवरून पाय काढायचे. लोड आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच डिझेल वाढवतो, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पडू देत नाही, आणि गाडी औताच्या बैलासारखी एका चालीनं वर जाते. गुरखाचा ३२० एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, १४०० आरपीएमलाच हातात येतो. जिम्नीचा १३४ एनएम येतो ४००० ला. तेवढा आरपीएम चढवला की चाकं फिरतात, खड्डा खणतात, माणूस घाबरून अर्धा क्लच धरतो आणि जळका वास सुटतो. पोती भरलेल्या गाडीत तर हमखास.

हो, थारच्या टर्बो पेट्रोललाही ३०० एनएम आहे. मारुतीची जुनी जिप्सी पेट्रोलवरच लष्करात कित्येक वर्षं राबली, तेही मान्य. पण लो रेंजमध्ये तासभर चालवून पेट्रोलची टाकी बघा, आणि मग त्या मुलाच्या गावापासून पंप किती लांब आहे तेही विचारा.

खरा संताप करावर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटर आणि १५०० सीसीच्या आतल्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४०. तीन दारी थारचं १.५ डिझेल १८ मध्ये बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. चारही चाकं फिरवणारं २.२ घेतलं की ४० टक्के! चिखलातून दूध डेअरीपर्यंत नेणारा माणूस चैन करतोय का? आठ आसनी लग्झरी गाडी आणि शेतावरची ४x४ एकाच रांगेत कशी बसवता?

आता शहरातल्या मित्रांनो, तुमच्याशीही बोलायचंय, रागावू नका. रोज पाच किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढंच असेल तर डिझेल घेऊ नका, खरंच. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यातली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं आणि त्यासाठी साठच्या वेगानं सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळावी लागते. दर वेळी मध्येच बंद केली की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ होतंय, लगेच बदला. काजळी जळत असताना वाळक्या गवतावर गाडी उभी करणं तर जिवावरचं.

आणि त्या मुलाला, किंवा त्याच्यासारख्या कुणालाही: टेस्ट ड्राइव्ह रस्त्यावर घेऊ नका, चढाची कच्ची वाट मागा. गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण) लागतं का ते विचारा. लागत असेल तर एक कॅन घरी ठेवा, कारण त्याची टाकी कोरडी झाली की एकदा बंद केलेलं इंजिन परत सुरू होत नाही. कॅनमधून विकलं जाणारं गावठी डिझेल भरावं लागलं तर फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. इंजेक्टर गेले तर मोठा खर्च बसतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ओढ्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर गाडी ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.