‘एवढ्या वाळवंटात सरडा दुर्मीळ कसा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जैसलमेरच्या बेडूकतोंड्या सरड्यावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि न पटलेलं स्पष्ट लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप तीन. थरसारख्या अफाट वाळवंटात वाळूवर राहणारा प्राणी दुर्मीळ असूच कसा शकतो, तो फक्त मला दिसला नसणार, हा पहिला. वाळू थोपवायला लावलेल्या झाडांना मी दोष दिला, हा तिथे राहणाऱ्यांवर अन्याय आहे, हा दुसरा. आणि नोंदींची नेमकी ठिकाणं दिली नाहीत तर लेख तपासायचा कसा, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातला एक भाग मला सरळ मान्य आहे. लेखासोबतच्या नकाशात मी अख्खा जैसलमेर जिल्हा रंगवला होता. 38 हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा जिल्हा रंगवायचा आणि खाली ‘दुर्मीळ’ लिहायचं, हे वाचणाऱ्याला पटणार कसं? चूक माझी होती, नकाशा काढून टाकला आहे.

पण वाळवंट म्हणजे सगळी वाळूच आणि वाळू म्हणजे सगळीकडे सारखीच, हे तुम्ही गृहीत धरलंय, तिथे गफलत होते. जैसलमेरहून पश्चिमेला निघालात की आधी लागतो तो मगरा, म्हणजे दगडगोट्यांचा उघडा माळ. मग येते टणक, खडेमिश्रित सपाटी. तिथे सांड्याची, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याची, बिळं दिसतात. पुढे सेवण गवताची मैदानं. मग फोग, खींप अशा झुडपांनी धरून ठेवलेल्या जुन्या टेकड्या. आणि मधूनच, कधी दोनचार, कधी लांबवर रांगेने, पूर्ण उघड्या टेकड्या, ज्यांना तिथले लोक धोरे म्हणतात. हे सगळं आपण ‘वाळवंट’ या एका शब्दात कोंबतो. सरड्यांच्या लेखी ते चारपाच वेगळे मुलूख आहेत.

तुम्ही सांड्याचं उदाहरण दिलंत, की तो तर भरपूर दिसतो. उदाहरण उत्तम आहे, फक्त ते माझ्या बाजूचं आहे. सांडा पाला खाणारा आणि बीळ खणणारा. आत गेला की मातीने तोंड बुजवून घेतो. त्यासाठी त्याला घट्ट जमीनच लागते, भुसभुशीत वाळूत बीळ ढासळेल. बेडूकतोंड्याचं बरोबर उलटं. घट्ट जमीन त्याच्या काहीच कामाची नाही.

का, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. मार्चमधली सकाळ, ऊन नुकतंच चढू लागलेलं. टेकडीच्या उतारावर माझ्यापासून चार पावलांवर तो बसलेला होता. धड जेमतेम बोटभर, तोंड आखूड आणि बोथट, रंग असा की नजर हलली तर पुन्हा शोधावं लागावं. मी एक पाऊल पुढे टाकलं. तो पळाला नाही. त्याने अंग वाळूला चिकटवलं आणि दोन्ही कुशी अशा काही थरथरवल्या की बाजूची वाळू त्याच्या पाठीवर आपसूक ओघळली. दोन क्षणांत सरडा नाहीसा. उरली ती पुसटशी चुरगळ आणि तिच्या टोकाला दोन डोळे. मग तेही मिटले.

ही युक्ती साधायला वाळू वाहती लागते. वाऱ्याने चाळून काढलेले, जवळजवळ एकाच मापाचे, कोरडे कण हवेत, म्हणजे जरा धक्का लागला की ते घसरतात. त्यावर पातळ पापुद्रा धरला, गवताची मुळं पसरली किंवा पालापाचोळा साचला, की अंग थरथरवून काही उपयोग नाही. भर उन्हात वाळूचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सिअसच्याही वर तापतो, तेव्हाही त्याला खाली थंडाव्यात शिरता आलं पाहिजे. त्याचं लपणं आणि उन्हातून वाचणं, दोन्ही वाळूच्या त्या सैलपणावर उभं आहे.

आता थरच्या सगळ्या टेकड्या अशा सैल आहेत का? नाहीत. फार मोठा भाग जुन्या, परवलयाकार टेकड्यांचा आहे. त्या कधीच्या स्थिर झाल्यात, अंगावर झुडपं वागवतात, काहींच्या पोटात चुनखडीचे थरही सापडतात. बारखणांसारख्या सरकत्या, उघड्या टेकड्या मुख्यतः पश्चिमेच्या कोरड्या पट्ट्यात आहेत, जिथे वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरही पाऊस होत नाही. त्यातही या सरड्याला हवे असतात ते माथा आणि वरचे उतार. म्हणजे एवढ्या मोठ्या जिल्ह्यात त्याच्या वाट्याला येतात ती एकमेकांपासून तुटलेली बेटं. मधल्या गवताळ पट्ट्यात, झुडपांच्या टेकड्यांवर दुसरे सरडे राहतात, हा नाही.

‘दिसला नाही म्हणजे नाही असं नव्हे’ हे तुमचं वाक्य अगदी बरोबर आहे. वाळूत बुडणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तर जास्तच. म्हणूनच मी एका फेरीवर विसंबत नाही. सकाळी वारा सुटायच्या आत माथ्यावर पोचायचं आणि आधी वाळूवरच्या खुणा वाचायच्या: पावलांची बारीक नक्षी, मध्ये शेपटीची रेघ, आणि रेघ अचानक संपते ती जागा. ऊन चढलं, वारा आला की हे पान पुसलं जातं. एकाच टेकडीवर पुन्हापुन्हा जायचं, आणि जिथे सरडा आहे हे ठाऊक आहे अशा टेकडीवरही त्याच वेळेला, तेवढाच वेळ घालवायचा. ओळखीच्या टेकडीवर तो सापडतो आणि शेजारच्या झुडपांच्या टेकडीवर दरवेळी हात रिकामे राहतात, तेव्हा मी तिथे ‘नाही’ असं लिहिते. पेन्सिलने लिहिते म्हणा हवं तर, पण लिहिते.

आणखी एक. दुर्मीळ म्हणजे संख्येने थोडा, एवढाच अर्थ आपण घेतो. डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी 1981 मध्ये वनस्पतींच्या संदर्भात दुर्मीळपणाची तीन अंगं वेगळी करून दाखवली: पसारा किती मोठा, अधिवासाची अट किती कडक, आणि जिथे आहे तिथे संख्या किती. हा सरडा चांगल्या टेकडीवर एका सकाळी अनेकदा दिसू शकतो. तरीही पहिल्या दोन कसोट्यांवर तो दुर्मीळच ठरतो. आर. सी. शर्मा यांनी 1978 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, ते लोंगेवालाहून. 1971 च्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक असलेलं तेच ठिकाण. 1992 मध्ये अर्नोल्ड यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजातीनाव (जीनस) केलं, ब्युफोनिसेप्स, म्हणजे भेकासारख्या डोक्याचा. सीमेपलीकडच्या थरमधूनही त्याची नोंद आहे. अख्ख्या जगात त्याचं घर एवढंच.

आता झाडांविषयी. इथे तुमच्या शब्दांत राग होता, आणि मला तो समजतो. रात्रीच्या आंधीनंतर सकाळी दाराशी कमरेएवढी वाळू, रस्ता गायब, पेरलेलं शेत गाडलेलं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना ‘वाळू मोकळी राहू द्या’ असं सांगायचा मला अधिकार नाही, आणि मी तसं सांगितलेलंही नाही. जोधपूरच्या काझरीने, म्हणजे 1959 पासून त्या नावाने चालत आलेल्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेने, टेकडीवर वाळक्या झुडपांचे आडवेउभे बांध घालून त्यांच्या आडोशाला रोपं लावायची जी पद्धत रुळवली, तिने कितीतरी वस्त्या, रस्ते, रेल्वेमार्ग वाचवले. ते काम मोलाचं आहे.

माझा आक्षेप आहे तो आसपास घर, शेत, रस्ता काही नसलेल्या धोऱ्यावरही ‘पडीक जमीन’ म्हणून इस्रायली बाभूळ आणि वेडी बाभूळ लावायला. अशा टेकडीवर पहिली काही वर्षं वरवर काही बदलत नाही. मग मुळं वाळू बांधतात, पाला पडतो, पापुद्रा धरतो. फांद्यांवर खाटीक पक्षी येऊन बसायला लागतो, आणि उघड्या उतारावरच्या सरड्यावर नजर ठेवायला त्याला मचाण मिळतं. कालव्याचंही तेच. इंदिरा गांधी कालवा पंजाबातल्या हरिकेहून निघून थेट जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगढपर्यंत आला, त्याच्या पाण्याने माणसांची आयुष्यं बदलली. पण पाणी पोचलं की टेकड्या सपाट करून शेतं होतात आणि बेटांमधलं अंतर वाढतं. बोटभर सरडा मधलं ओलिताचं शेत ओलांडून पलीकडच्या टेकडीवर कसा जाणार? हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. त्या टेकडीवर आधीपासून कोण राहतं हे रोप लावण्याआधी एकदा पाहावं, एवढीच माझी मागणी आहे. ज्या माथ्यापासून गाव कोसभर लांब आहे, तो सोडून द्यावा.

तिसऱ्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. तेलासाठी सांड्याची जी कत्तल होते ती माहीत असताना कोणत्याही सरड्याचे अक्षांश-रेखांश मी उघड्यावर टाकणार नाही. याबाबत अभ्यासकांनी विचारलं तर मी मोकळेपणाने बोलते.

तुम्ही शेवटी विचारलंत, की डिसेंबरात जैसलमेरजवळच्या समच्या टेकड्या पाहायला जाणार आहात, तिथे तो दिसेल का. जिथे जीपगाड्या दिवसभर टेकड्यांवर चढउतार करतात, तिथे शोधू नका. धोका दिसला की जागीच बुडी मारायची त्याची सवय चाकाखाली जीवघेणी ठरते. शिवाय डिसेंबरच्या थंडीत तो वर येईल याची आशा कमीच. जमलं तर मार्चमध्ये जा, वाटाड्या गावातलाच घ्या, गाडी लांब ठेवा आणि सूर्य कासराभर वर येताना माथ्यावर स्वस्थ बसून राहा. शेपटीची रेघ जिथे तुटते, तिथे पाऊल टाकू नका.