एकच शहर, सावकाश

स्पेन-पोर्तुगालच्या ग्रुप टूरमध्ये लिस्बनच्या वाट्याला बहुधा एखाद-दोन रात्री येतात. बेलेमचा मनोरा, जेरोनिमोसचा मठ, दालचिनी भुरभुरलेलं पास्तेल द नाता, म्हणजे तिथला कस्टर्ड टार्ट, की चला माद्रिदला. आम्ही दोघं मात्र सगळी सुट्टी लिस्बनमध्येच राहिलो. साठीच्या आसपासच्या प्रत्येक जोडप्याला मी आग्रहाने सांगते, परदेशात जरूर जा, पण एकच शहर घ्या.

"एवढं विमानभाडं भरून, व्हिसाची एवढी कागदपत्रं जमवून एकच गाव?" असं नात्यातल्या बहुतेकांनी विचारलं. खर्चाचा विचार मीही करते. पण दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, हॉटेल बदलायचं, स्टेशन गाठायचं, यात पैसे जातात आणि सकाळही जाते. आम्ही स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घेतलं होतं. सकाळी पोळी-भाजी खाऊन निघायचं, दुपारी दमलो तर परत यायचं. हे तुम्हाला बसमध्ये बसून करता येत नाही.

आता लिस्बनमधल्या कार्मो मठाचं सांगते. १ नोव्हेंबर १७५५ला सकाळी, सणाच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गर्दी असताना, लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्र शहरात शिरला आणि आगी लागल्या. कार्मोच्या मठातल्या चर्चचं छप्पर तेव्हा कोसळलं; मुख्य दालन आजही उघडंच आहे. दोन्ही बाजूंना उंच कमानी आणि वर आकाश. आम्ही वसईचे. किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये आम्ही लहानपणापासून हिंडलोय. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो किल्ला घेतला, तेव्हा लिस्बनचं हे छप्पर शाबूत होतं. पोर्तुगीजांच्या राजधानीत येऊन वसईसारखंच काही पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघं किती तरी वेळ काही बोललो नाही.

बाहेरच्या चौकात जॅकरंडाची झाडं आहेत. तिथेच २५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली. पंतप्रधान कायतानो चौकातल्या पोलीस मुख्यालयात अडकले होते, बाहेर लष्कराच्या चिलखती गाड्या आणि लोकांचा समुद्र. संध्याकाळी त्यांनी सत्ता सोडली. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. गोवा १९६१मध्ये मुक्त झाला, तरी पोर्तुगालने तो भारताचा असल्याचं मान्य केलं ते या क्रांतीनंतर, १९७४च्या डिसेंबरात करार करून. ह्यांनी हे सगळं त्याच चौकात कॉफी घेता घेता मला सांगितलं. गाईडने हात वर करून "दहा मिनिटं!" म्हटलं असतं, तर ही गोष्ट निघालीच नसती.

हे सिव्हिल इंजिनिअर. खाली बायशा भागातले सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती पाहण्यात त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याच्या देखरेखीखाली हा भाग नव्याने उभारला गेला. हादरे सोसावेत म्हणून भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला. अठराव्या शतकात! त्या वेळात मी समोरच्या बाकावर शांतपणे बसले होते. एकमेकांची आवड पूर्ण होईपर्यंत थांबता येणं, हे मला कुठल्याही मनोऱ्यापेक्षा मोठं वाटतं.

माझी ओढ होती अझुलेजू, म्हणजे तिथल्या रंगीत टाइल्सची. त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आहे. तिथे सुमारे २३ मीटर लांबीचा एक पट आहे: निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर भूकंपापूर्वीचं अख्खं लिस्बन, तेजू नदीच्या बाजूने पाहिलेलं. नदीकाठचा राजवाडा त्यात दिसतो, जो १७५५मध्ये नष्ट झाला. आज तिथे प्रासा दु कोमेर्सियु हा विशाल चौक आहे. आम्ही त्या चौकातून रोज ये-जा करत होतो, म्हणून मला तो राजवाडा चित्रात शोधता आला. शहर पायाखालून गेलेलं असलं की संग्रहालय बोलू लागतं.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. फुटपाथवरचे छोटे पांढरे दगड गुळगुळीत असतात, पावसात त्यांवरून पाय फार सटकतो, आणि चढ-उतार भरपूर. चांगली पकड असलेले बूट घ्याच. २८ नंबरची ट्राम अगदी सकाळी पकडा. नंतर उभं राहायलाही जागा नसते, शिवाय पाकीटमार. काईश दु सोद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासिल्यासला जाणारी फेरीबोट स्वस्त आहे, दहाएक मिनिटांचा प्रवास, आणि नदीवरून सगळ्या टेकड्या एका नजरेत येतात. गुडघे दुखत असतील तर हेच करा.

बेलेमचं ते दर्यावर्दींचं अजस्र स्मारक मात्र मला भावलं नाही. ते १९६०चं, गोवा अजून त्यांच्या ताब्यात असतानाचं. गोवा जिंकून घेणारा अफोन्सो द अल्बुकर्क त्यात अभिमानाने कोरलेला आहे. वसई-गोव्याच्या माणसाने तिथे फोटो काढून हसावं, हे मला जमलं नाही, आणि तसं मी तिथेच ह्यांना सांगितलं.

परतल्यावर सगळे विचारतात, "लिस्बनला जाऊन सिंत्रा नाही पाहिलं?" नाही पाहिलं. रोसियू स्टेशनवरून ट्रेनने साधारण चाळीस मिनिटांवर आहे, राजवाडे सुंदर आहेत असं ऐकलंय. ठरलेल्या दिवशी सकाळी ह्यांनी विचारलं, "तुला तो टाइल्सचा पट परत बघायचाय ना?" मग आम्ही तिकडेच गेलो.