दर्याला बटण बसवून घ्या

तुमच्या पडवीतून समुद्र दिसतो का? पडवीतून नाही तर कौलांवर चढल्यावर तरी? मग अभिनंदन. आजवर तुम्ही ज्याला घर म्हणत होतात, ती 'प्रॉपर्टी' आहे. गणपतीत चाकरमान्यांना झोपायला, मे महिन्यात आंबे पिकत घालायला आणि एरवी आईला एकटीने राहायला ही वास्तू आहे, असा तुमचा गैरसमज होता. तो आता काढून टाका.

वाईट वाटून घेऊ नका. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यालाही १९९७ पर्यंत स्वतःबद्दल काही कल्पना नव्हती. लोक मासे मारत होते, भात लावत होते, रात्रभर दशावतार बघून सकाळी पेंगत होते. मग त्या साली सरकारने देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून त्याचं नाव जाहीर केलं. जाहीर झाल्यावर पुढे काय झालं, हा प्रश्न नवशिके विचारतात. जाहीर होणं हीच मोठी घटना असते. त्यानंतरच्या सगळ्या गोष्टी पुन्हा जाहीर होण्यासाठी राखून ठेवायच्या असतात.

तर सुरुवात फोटोंपासून. पुण्याला आयटीत असलेल्या पुतण्याला बोलवा. त्याच्या फोनमध्ये अशी लेन्स आहे की तुमचं माजघर त्यात जिल्हा न्यायालयाएवढं दिसतं. फोटोच्या आधी दोरीवरची लुगडी, खळ्यात वाळत घातलेली सोलं आणि भिंतीवरचे हार घातलेले आजोबा काढून ठेवा. पंप बसवला तेव्हा गोठ्यामागे फेकलेला रहाट मात्र शोधून आणा. तो आता अँटिक आहे. पाणी काढायचं नसेल तेव्हाच रहाटाला किंमत येते.

मग निवास-न्याहारी योजनेत नाव घाला, आणि लगेच खोल्या बुक करायच्या अॅपवरही चढा. अॅपवर नसलेलं घर जगात नसतं. मालवण बसस्टँडवर उतरून "खोली आहे का हो?" असं विचारणारा गिऱ्हाईक आता फक्त गोष्टीत उरला. हल्लीचा पाहुणा रिक्षात बसल्याबसल्या तुमच्या न्हाणीघराचे सात फोटो बघून येतो आणि आठवा नव्हता म्हणून तक्रार करतो.

तक्रारीवरून आठवलं. आमच्या काकूकडे गेल्या डिसेंबरात एक जोडपं राहून गेलं. दोन दिवस वडे-सागोती, तिसऱ्यांचं सुकं, जाताना पिशवी भरून कोकमं, सगळं अगदी प्रेमात. चौथ्या दिवशी पुतण्याने फोनवरून वाचून दाखवलं : 'जेवण उत्तम. यजमान प्रेमळ. रात्री समुद्राचा आवाज फार येतो. तीन तारे.' काकू बांगड्यांना मसाला लावत होती. हात तसाच धरून तिने विचारलं, "दर्याचा बटण खंय आसा ता तरी दाखव, झिला. रात्री बंद करतंय."

तुम्ही काकूसारखं बोलू नका. उत्तर लिहा : 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आपली सूचना संबंधितांपर्यंत पोचवली आहे.' आणि खरंच पोचवा. संध्याकाळी काठावर जाऊन समुद्राला सांगा. साडेचारच्या खाली तारे गेले की अॅप तुम्हाला तिसऱ्या पानावर टाकतं, आणि तिसऱ्या पानावर आजवर कोणी पोचलेलं नाही.

आता पैशांकडे या, कारण अर्थशास्त्र समजल्याशिवाय विकास पचत नाही. समजा, तुमच्या खोलीचं भाडं दोन हजार. पाहुण्याने थेट तुम्हाला फोन केला तर तो दोन हजार देतो आणि दोन हजार तुमच्या हातात येतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर तुम्हाला जीएसटीची नोंदणीही लागत नाही. इतका सरळ व्यवहार कुठल्याही प्रगत अर्थव्यवस्थेला शोभत नाही. म्हणून तोच पाहुणा, तीच खोली, तोच डास, पण अॅपमधून आणा. अॅपवरून विकलेल्या खोलीवर कर भरायची जबाबदारी कायद्याने अॅपची, म्हणजे पाहुण्याच्या बिलात पाच टक्के वाढले : २,१००. अॅपचं कमिशन वीस टक्के धरा, चारशे गेले. त्या चारशेवर अठरा टक्के जीएसटी, बहात्तर गेले. तुम्हाला उरले १,५२८. पाहुण्याने शंभर जास्त दिले, तुम्हाला ४७२ कमी मिळाले, आणि मधल्या ५७२ रुपयांना डिजिटल अर्थव्यवस्था म्हणतात. चादर तुम्हीच धुवायची.

कुरकुर करू नका, दर उतरले आहेत. २०२२च्या जुलैपर्यंत हजाराच्या आतल्या खोलीला कर नव्हता. मग बारा टक्के लागला. मग २०२५च्या सप्टेंबरात साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर पाच टक्के झाला. शून्यावरून पाचवर येण्याला कपात म्हणतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं एवढंच.

पाहुणा येणार कसा, हा तुमचा प्रश्न नाही, पण माहिती असावी. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं एव्हाना पदवीधर होऊन त्याच वळण-रस्त्यांनी गावी येतात. कोकण रेल्वे १९९८ पासून पुरी धावते आहे, फक्त तिचं आरक्षण तुम्ही पान उघडेपर्यंत संपलेलं असतं. त्याचं श्रेय वेगवान इंटरनेटला, जे दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. आणि विमान आहेच! चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. केंद्राच्या स्वस्त विमानप्रवासाच्या 'उडान' योजनेत तासाभराच्या प्रवासाचं तिकीट अडीच हजारांच्या आसपास आणि कंपनीचा तोटा भरून द्यायला तीन वर्षांचं अनुदान. तीन वर्षं झाली, २०२४ मध्ये मुंबईचं विमान थांबलं. मधल्या काळात पत्रादेवीच्या सीमेपलीकडे गोव्याने मोपाला मोठा विमानतळ उभा केला, आणि सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना तोच दाराशी पडतो. यातून घ्यायचा तो धडा घ्या : तीन वर्षांत जमेल तेवढं उडून घ्यावं.

एक गोष्ट हळू आवाजात सांगतो. बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी. पाच खोल्या काढल्यात, पाच कमोड बसवलेत, दिवसाला दोनदा शॉवर घेणारे दहा जण आणलेत, तेही एप्रिल-मेमध्ये. बावीच्या तळाला तेव्हा कळशी टेकते. उपसा वाढला की किनाऱ्यालगतच्या विहिरींत समुद्र आत सरकतो आणि पाणी मचूळ होतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या दोन बावींचा चहा फाटायला लागला. पर्यटनाच्या कुठल्याही सादरीकरणात ही बाव मला दिसलेली नाही. तिच्यावर सेल्फी पॉइंट होत नसावा. तुम्ही तरी पाटी लावा : 'खोलीतच समुद्रस्नानाची सोय.' तारे वाढतील.

अनुभव विकायला शिका. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की पाहुण्यांना दोर ओढायला उभं करा. ते तीन मिनिटं ओढतात, त्यात दोन मिनिटं व्हिडिओची. मासळीचे वाटे पडतात तेव्हा रापणकराच्या वाट्याला काय येतं, ते त्या व्हिडिओत येत नाही, कारण तेवढ्या लांबीची रील चालत नाही. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हाही पाहुण्याला 'ताजी' सुरमईच हवी असते. फ्रीजरमधली काढा आणि ताटाशेजारी माडाची झावळी ठेवा. क्यूआर कोड मात्र झावळीखाली झाकला जाऊ देऊ नका.

आता मोठ्या पातळीवर या. राज्याच्या २०२४च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार लिहिलेत. त्यातला एक तुमच्या पुतण्याचा, तो फोटो काढतोच आहे. तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड, म्हणजे समुद्री जिवांचं भलंमोठं उद्यान, व्हायचं होतं, लोकांनी जमिनी दिल्या नाहीत, म्हणजे लोकांना विकास कळत नाही. निवतीच्या समुद्रात पर्यटकांसाठी पाणबुडी यायची होती. २०१८ पासून येते आहे. २०२३च्या डिसेंबरात कळलं की गुजरात द्वारकेला पाणबुडी आणतो आहे, तेव्हा आपल्याकडे केवढी खळबळ! जी कोणी पाहिली नव्हती ती पळवल्याचं दुःख वेगळंच असतं. शेवटी पाणबुडी येईना, म्हणून आहे ते जहाज बुडवायचं ठरलं. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' निवती रॉकजवळ तळाशी नेऊन तिचं संग्रहालय करायचं, त्याला केंद्राने जवळपास ४७ कोटी मंजूर केले. ज्या योजनेतून हे पैसे, ती पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाची. फेडायला तुमचा नातू असेल. त्याला पोहायला शिकवून ठेवा.

एवढं सगळं जमलं की शेवटची परीक्षा येते. परवा काकूकडे नाशिकचे चौघे उतरले. पोहे खाऊन त्यांच्यातल्या एकाने फोन पुढे केला. एआयने त्यांच्या दिवसाचा कार्यक्रम आखून दिला होता, मिनिटामिनिटाचा : सकाळी ११ वाजता निवती, पाणबुडीची सफर, दुपारी ३ वाजता तोंडवळी, सी-वर्ल्ड, संध्याकाळी ६.३० वाजता चिपीहून मुंबईचं विमान. त्या यंत्राची चूक नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बातम्या त्याने मनापासून वाचल्या आणि प्रत्येकीवर विश्वास ठेवला. इतका भाबडा नागरिक आता जिल्ह्यात उरलेला नाही.

अशा वेळी पाहुण्यांना खोटं पाडू नका, तारे जातात. काकूने काय केलं ते करा. तिने चौघांना काठावर नेलं, कपाळावर हात धरून निवतीच्या बाजूला बराच वेळ बघितलं.

"पाणबुडी कुठेय, काकू?"

"खाली," काकू म्हणाली.