बर्फ तिथे, मामा इथे

नागपुरात ज्याला कूलर उघडून पुन्हा बसवता येतो, त्याला जगातलं कुठलंही मशीन दुरुस्त करता येतं, अशी आमच्या ताईची पक्की समजूत आहे. त्या समजुतीपायी मी अमेरिकेतल्या मिनेसोटात भाच्याच्या अंगणातला बर्फ उडवतो. फोनवरून. स्वतः मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला आणि भुश्याने माखलेला.

मशीनला स्नो थ्रोअर म्हणतात. मागून दांडे धरून चालवायचं, पेट्रोलवर चालणारं, पुढे भलं रुंद लोखंडी तोंड. त्या तोंडात आडवा स्क्रू असतो, त्याचं नाव ऑगर. तो दोन्ही बाजूंनी बर्फ मध्ये ओढतो आणि मागचा पंखा तोच बर्फ वरच्या नळकांड्यातून दूर भिरकावतो. कॅनडातल्या आर्थर सिकार यांनी बर्फ उडवणारं मशीन १९२५ साली बनवलं, ते ट्रकवर बसवायचं होतं, आणि १९२७ साली मॉन्ट्रियललगतच्या उट्रमों गावाला पहिलं विकलं. ही माहिती मी घरात दिली तेव्हा ताई म्हणाली, "म्हणजे वॉरंटी केव्हाच संपली असेल."

भाच्याच्या मशीनची माहितीपुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आहे. भाच्याने वाचलेली नाही. "मामा, तुम्ही वाचली ना? मग झालं तर." शिकलेली पोरं ही.

हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे असतं. त्यांच्याकडे बर्फ रात्री पडतो, पहाटे सहाला भाचा गॅरेजमध्ये उतरतो, आणि इथे संध्याकाळी साडेपाचला, बरोबर चहाच्या वेळी, ताईच्या टेबलावरचा फोन वाजतो. स्क्रीनवर कधी त्याच्या नाकपुड्या दिसतात, कधी गॅरेजचं छत. उणे वीसमध्ये फोनची बॅटरीही मान टाकते, त्यामुळे निदान लवकर करावं लागतं. भाऊजी दर वेळी तापमान विचारतात आणि दर वेळी आपलं सांगतात. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता. त्या दिवशी त्यांनी अंघोळ केली होती, याची नोंद घरात अजून अभिमानाने होते.

पहिल्या बर्फाच्या दिवशीची तक्रार ठरलेली. "मामा, सुरूच नाही होऊन राहिलं!"

"टाकीतलं पेट्रोल कधीचं?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "मार्चचं असंल."

तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीकशा छिद्रात बसतो. हंगाम संपताना टाकी रिकामी करून, उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत ते चालू ठेवायचं, नाहीतर पेट्रोलमध्ये ते टिकवणारं औषध, म्हणजे स्टॅबिलायझर, टाकायचा, एवढंच काम. पण मार्चमध्ये बर्फाची आठवण कोणाला येते? मीही त्याला फार बोलत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत कूलरवाला दुकानात माशा मारत बसलेला असतो, तेव्हा एक माणूस फिरकत नाही. पारा बेचाळीसवर गेला की अख्खं नागपूर ताट्या आणि पंप घेऊन त्याच्या दारात, आणि वर त्यालाच म्हणणार, "काय राव, तुम्ही लोक वेळेवर भेटत नाही!"

कार्ब्युरेटर साफ होतो, मशीन धडधडतं, ताई देवाला साखर ठेवते. मग खरं नाट्य सुरू होतं, त्याचं नाव शिअर पिन.

एकदा भाचा म्हणाला, उजवीकडचा स्क्रू फिरतो, डावीकडचा नुसता उभा आहे. मी म्हटलं, बाळा, पिन तुटली. ऑगरचा प्रत्येक बाजूचा स्क्रू शाफ्टवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, एका पिनेने अडकवलेला असतो, आणि ही पिन मुद्दाम नरम धातूची असते. स्क्रूत काही कठीण अडकलं की आधी पिन तुटते, त्या बाजूचा स्क्रू मोकळा होतो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. त्या दिवशी अडकलं होतं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं वर्तमानपत्र. रात्री बर्फाखाली गाडलं गेलं आणि गोठून विटेइतकं कडक झालं.

"कोणता पेपर होता?" भाऊजींनी विचारलं. त्यांना काय फरक पडणार होता, देव जाणे.

पण त्यांचा खरा आक्षेप पिनेवर होता. तुटण्यासाठीच बनवलेली वस्तू पैसे देऊन विकत घ्यायची, हे त्यांना सहन होईना. "लोहाओळीतल्या लोखंडाच्या दुकानातून हाय टेन्साइलचा, एकदम कडक पोलादाचा बोल्ट आणतो. एकदा घातला की पोरगा रिटायर होईपर्यंत तुटायचा नाही."

"भाऊजी, तो तुटला नाही तर गिअरबॉक्स तुटेल."

"आधी तो अडकलेला पेपर तुटेल!"

मग मला नाइलाजाने त्यांच्या घरच्या फ्यूजची आठवण काढावी लागली. ऐन मे महिन्यात फ्यूज सारखा उडतो म्हणून भाऊजींनी त्यात चांगली जाड तार घातली होती. फ्यूज नंतर कधीच उडाला नाही. भिंतीतली वायर जळाली, घरात काळोख झाला, आणि सगळं कुटुंब रात्रभर गच्चीवर ओल्या चादरी पांघरून झोपलं. ही पिन म्हणजे त्या मशीनचा फ्यूज, असं मी म्हणताच ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांग, सांग त्यांना." भाऊजी गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे.

पिन बदलताना मी भाच्याकडून शाफ्टला ग्रीसही मारून घेतलं. गंजून स्क्रू शाफ्टला चिकटला, तर पिन तुटूनही काही उपयोग नाही, स्क्रू सुटतच नाही. हे पुस्तिकेत होतं. म्हणजे मलाच माहीत होतं.

बाकी बारीकसारीक कामं चालूच असतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना ते टेकवायला घसरपट्ट्या असतात, त्या काँक्रीटवर तोंडाखाली तीनेक मिलिमीटर फट राहील अशा बसवायच्या, खडीचा रस्ता असेल तर तोंड बरंच वर राहील अशा खाली घ्यायच्या, नाहीतर बर्फाबरोबर खडीही शेजाऱ्याच्या काचेवर. मशीन एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही टायरांची हवा बघायची.

मला खरा घाम फुटतो तो ओल्या बर्फाच्या दिवशी. उणे वीसचा बर्फ भुरभुरीत असतो, बिचारा उडून जातो. शून्याच्या आसपासचा बर्फ चिकट, तो नळकांड्यात ठासून बसतो. भाचा थकलेला, हातात जाड मोजा, समोर भोक. एकदा फोन टेबलावर उभा केलेला असताना त्याचा हात त्या भोकाकडे निघालेला मला दिसला आणि मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरचे वर आले.

इंजिन बंद, किल्ली बाहेर, पंखा पूर्ण थांबेपर्यंत दम धरायचा आणि मशीनलाच अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या दांडीने बर्फ काढायचा. हात कधीच नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पंख्यात पट्ट्याचा ताण उरलेला असतो, बर्फ सुटला की पाती एकदम फिरते. अमेरिकेत लोकांची बोटं अशीच जातात.

"पण मामा, इंजिन तर बंद..."

"दांडी घे!" हे आम्ही तिघं एकदम म्हणालो. आमच्या घरात एकमत झाल्याचा हा एवढाच प्रसंग मला आठवतो.

"आणि आतून तेल लाव त्याला," ताई पुढे म्हणाली. ताईचा तेलावर फार विश्वास. डोकं दुखलं, तेल. परीक्षा आली, तेल. दार करकरलं, तेही तेलच. मी हसणार होतो, पण काय करता, नळकांड्याला आतून सिलिकॉनचा नाहीतर स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे मारला की बर्फ कमी चिकटतो हे खरंच आहे. सूनबाईंनी ओट्यावरचा स्प्रे आणून दिला, मशीनने बर्फाचा फवारा रस्त्यापार फेकला, आणि तेव्हापासून ताई मला पुस्तिकेत आणखी कुठे तेल लिहिलंय ते विचारत असते.

या डिसेंबरात ओळखीतलं एक जोडपं तिकडे निघालं, म्हणून ताईने पार्सल भरलं. संत्रा बर्फी, सांडगी मिरच्या, तिखट, नातवासाठी स्वेटर. वजन ठरलेल्यापेक्षा जास्त भरलं, एवढं कशाने भरलं म्हणून मी ते उघडलं. स्वेटरच्या बाहीत, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले, लोहाओळीतले दोन चकचकीत बोल्ट होते, नट-वॉशरसकट.

काढून घेतले. आमच्या कूलरच्या स्टँडचा एक पाय कधीचा हलत होता. तिथे अगदी घट्ट बसले.